वाचकांचे प्रश्न : लिस्बनहून गोव्याला, सेलमहून मुंबईला

मागील अंकात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या त्यांच्या मराठी काव्यग्रंथावर, लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत ग्रंथाच्या भाषेपेक्षा तो लिहिणारा इंग्रज माणूस गोव्यापर्यंत पोहोचला कसा, याविषयीचे कुतूहल अधिक होते. काही वाचकांनी त्याला जोडूनच मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या प्रवासाविषयी विचारले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : फादर स्टीफन्स इंग्लंडचे होते. मग ते लंडनहून थेट न येता लिस्बनमार्गे का आले? त्यांच्या प्रवासाची काही विश्वसनीय माहिती मिळते का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : थेट येण्याची सोयच नव्हती. स्टीफन्स १५७९ मध्ये निघाले, आणि लंडनच्या व्यापाऱ्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. तोवर युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येणारा समुद्रमार्ग पोर्तुगीजांच्या हातात होता, आणि पूर्वेकडे धर्मोपदेशक पाठवण्याचा अधिकार व त्यांच्या खर्चाची जबाबदारी पोपने पोर्तुगालच्या राजाकडे सोपवलेली होती. शिवाय राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. स्टीफन्स मायदेश सोडून रोमला गेले, तेथे १५७५ मध्ये येशूसंघात (जेझुइट संघात) दाखल झाले आणि तेथून लिस्बनला आले. जहाजावर पाऊल ठेवण्याआधीच त्यांचा निम्मा प्रवास झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

माहितीविषयी म्हणाल, तर ती खुद्द त्यांच्याच लेखणीतून उतरलेली आहे. गोव्यात पोहोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना लिहिलेले सविस्तर पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइट या इंग्रज संपादकाने आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले, म्हणून ते टिकले. या पत्राची मला वाटणारी थोरवी अशी की, तरुण धर्मोपदेशकाने लिहिलेले असूनही त्यात उपदेश फार थोडा आहे. वारा, पाणी, मासे, पक्षी, होकायंत्र आणि माणसांचे आजार यांकडे त्याचे लक्ष अधिक आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा कर्णे आणि तोफा यांच्या गजरात लिस्बनहून निघाला. जहाजांवर खलाशी आणि शिपाई यांच्याबरोबर लहान मुलेही पुष्कळ होती, आणि मोठ्या माणसांपेक्षा मुलांनाच समुद्र अधिक सोसतो, असे स्टीफन्स यांनी नोंदवले आहे. सहाव्या दिवशी अटलांटिकमधील मदेरा बेटाजवळ एका इंग्रज जहाजानेच त्यांच्या एकट्या पडलेल्या जहाजावर तोफा डागल्या. पोर्तुगीजांनी आपल्या मोठ्या तोफा बाहेर काढताच ते निघून गेले. मात्र इतके देखणे जहाज अशा वाईट उद्योगाला लागलेले पाहून वाईट वाटले, असे हा इंग्रज प्रवासी आपल्या इंग्रज वडिलांना कळवतो. पुढे कॅनरी बेटांमध्ये उलट्या वाऱ्याने त्यांना चार दिवस घोळवले, आणि मेच्या मध्यापर्यंत हवामान इतके प्रतिकूल राहिले की, या वर्षी केप ऑफ गुड होप ओलांडता येईल ही आशाच जाणत्यांनी सोडली होती.

खरी परीक्षा होती ती गिनीच्या किनाऱ्यासमोर. सहाव्या अक्षांशापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर नकाशावर बोटभरही भरत नाही. ते कापायला त्यांना तीस दिवस लागले. वारा पडलेला, आभाळ भरलेले, विजा आणि गडगडाट अखंड, आणि पाऊस असा की त्याचे पाणी थोडा वेळ साठून राहिले तरी त्यात किडे होत, टांगलेल्या मांसावर पडले तर त्यातही होत. त्याच पाण्यात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसणारा, खाली लांब तंतू सोडलेला, स्पर्शालाही घातक असा एक जीव तरंगताना दिसे, त्याचेही वर्णन त्यांनी केले आहे. ३० मे रोजी एकदाचे विषुववृत्त ओलांडले.

जहाज कोठे आहे हे कसे कळत असे, असेही एका वाचकाने विचारले आहे. त्याचे उत्तर याच पत्रात आहे. अक्षांश सूर्यावरून नक्की करता येत असे, परंतु पूर्व-पश्चिम अंतर मोजायला आकाशात स्थिर असा बिंदू नाही, ही अडचण स्टीफन्स यांनी नेमकी मांडली आहे. मग नाविक काय करीत? आधीच्या सफरींवर गेलेल्यांनी प्रत्येक पक्षी, प्रत्येक शेवाळ, हवेतील प्रत्येक खूण लिहून ठेवलेली असे. त्या वह्या, वाऱ्याचा वेग आणि स्वतःचा अनुभव यांच्या आधारे ते अंदाज बांधत. त्यातही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे होकायंत्राच्या सुईचे उत्तरेपासून ढळणे, कारण ते ठिकाणागणिक बदलते. अझोर्स बेटांच्या रेखावृत्तावर सुई अचूक उत्तरेला असते, तेथून ती पूर्वेकडे झुकत जाते आणि आफ्रिकेच्या टोकाजवळ पुन्हा उत्तरेला येते, असे त्यांनी समजून घेऊन लिहिले आहे.

त्याच टोकाजवळ २९ जुलैला जहाज जवळजवळ गेलेच होते. इतर सुकाणूवाले तेथे जमीन दिसण्याइतके जवळ जात नसत. यांच्या सुकाणूवाल्याने वारा आपल्या बाजूचा आहे असे समजून जहाज किनाऱ्यालगत घेतले, आणि वारा दक्षिणेचा झाला. अगुल्यास भूशिरापासून सहा मैलांवर, चौदा वावांपेक्षाही (सुमारे पंचवीस मीटरांपेक्षाही) कमी पाण्यात जहाज अडकले. तळाला धारदार खडक असल्याने नांगर धरेना. नांगर गमावल्यावर मिळेल तेथे किनाऱ्याला लागावे म्हणून त्यांनी शिडे चढवली, आणि त्याच क्षणी जमिनीकडून वारा सुटला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ठिकाणी त्यांनी मासे धरले. ते साऱ्या जहाजाला दीड दिवस पुरले.

आता पुढे दोन वाटा होत्या. मादागास्करच्या आतून गेल्यास मोझांबिकला पंधरवडा-महिनाभर विसावा आणि ताजे अन्न मिळे. उशीर झालेल्या जहाजांना बाहेरून, कोठेही न थांबता जावे लागे. यांना उशीर झालेला होता. ताज्या अन्नाविना कित्येक महिने काढल्याने हिरड्या सुजून त्या कापून काढाव्या लागत, पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. मागच्या सफरींच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, असे स्टीफन्स सांगतात. हा रोग म्हणजे स्कर्व्ही, आणि त्याचे कारण म्हणजे आहारातील ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव. जेम्स लिंड यांनी संत्री-लिंबांचा गुण प्रयोगाने दाखवला तो १७४७ मध्ये, आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. म्हणजे स्टीफन्स यांच्या नंतरही दोनशे वर्षे माणसे अशीच मरत राहिली.

प्रवाहाने जहाज उत्तरेला, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाच्या बाजूला ओढले गेले होते. शेवटी हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे पक्षी दिसले, मग ताडामाडाच्या झावळ्या आणि लव्हाळे वाहत आले, मग पाण्यावर पोहणारे साप आणि नाण्यासारखा गोल, जणू निसर्गानेच ठसा उमटवलेला एक पदार्थ दिसला. या शेवटच्या दोन खुणा दिसल्या की दुसऱ्या दिवशी जमीन, अशी खलाशांची खात्री होती, आणि तसेच झाले. तोवर पाणी आणि अन्न दोन्ही संपत आले होते. ‘तिकडे बिअर होत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच’, असे ते वडिलांना मधेच सांगून जातात. २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्याला लागले. लिस्बन सोडल्याला सहा महिने आणि वीस दिवस झाले होते.

प्रश्न : फादर स्टीफन्स सात महिन्यांच्या आत पोहोचले, तर संत फ्रान्सिस झेवियर यांना त्याच वाटेने तेरा महिने कसे लागले? जहाज नादुरुस्त झाले होते का? (एक वाचक, वसई)

उत्तर : यात जहाजापेक्षा वाऱ्याचा दोष अधिक. झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, नवे गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा यांच्याबरोबर लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. मधला मोठा काळ त्यांनी मोझांबिकमध्ये थांबून काढला.

कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस सुरू झाला की गोव्याच्या नदीमुखांशी वाळूचा दांडा धरतो आणि मोठ्या जहाजाला आत येता येत नाही. म्हणून जहाजाने त्याच वाऱ्याचा शेवटचा जोर शिडांत घेऊन अरबी समुद्र ओलांडायचा आणि पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बंदर गाठायचे, असे गणित होते. त्यासाठी जुलैच्या सुमारास केप मागे पडायला हवे, आणि त्यासाठी लिस्बन मार्चमध्ये किंवा फार तर एप्रिलच्या आरंभी सोडायला हवे. वाटेत महिना वाया गेला आणि वारा फिरून ईशान्येकडून वाहू लागला की, मोझांबिकच्या पुढे जाणे अशक्य होई आणि पुढच्या मोसमाची वाट पाहत बसावे लागे. झेवियर यांच्या तांड्याचे हेच झाले. त्या मुक्कामात ते तेथील इस्पितळात आजाऱ्यांची सेवा करीत राहिले आणि स्वतःही तापाने पडले.

येथे एक लहानशी सूचना करावीशी वाटते. या दोन्ही प्रवासांच्या तारखा जुन्या, ज्युलियन पंचांगाच्या आहेत; आजच्या हिशेबाने त्यांत सुमारे दहा दिवस मिळवावे लागतात. स्टीफन्स यांचा ४ एप्रिल म्हणजे आजचा १४ एप्रिल धरला, तर त्यांच्या जहाजावरील जाणत्यांना उशिराची धास्ती का वाटत होती, हे अधिक स्पष्ट होते.

प्रश्न : घरच्यांना खुशाली कळायला किती काळ लागत असे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : परतीची जहाजे साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत गोवा किंवा कोचीन सोडत आणि पुढच्या उन्हाळ्यात लिस्बनला पोहोचत, तेथून पत्र लंडनला जायचे. नोव्हेंबरात लिहिलेले पत्र पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडले, तर त्याचे उत्तर वसंतातल्या जहाजाने निघून त्याच्या पुढच्या शरदात गोव्याला येणार. एका प्रश्नोत्तराला दोन वर्षे, तीही जहाज बुडाले नाही तर. स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये भाऊ रिचर्ड यांना लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या घडणीसारखी आहे, हे निरीक्षण त्यात आहे.

प्रश्न : आमच्या घराण्याचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी चार पिढ्यांचा आहे. पहिले मिशनरी अमेरिकेहून मुंबईला आले, तेव्हा त्यांना कंपनी सरकारने हाकलून लावले होते असे आजीकडून ऐकले होते. हे खरे आहे का? (एक वाचिका, अहिल्यानगर)

उत्तर : आजींनी सांगितले ते खरे आहे, फक्त हाकलण्याचा हुकूम झाला आणि तो अमलात आला नाही, एवढी पुस्ती जोडावी लागेल. स्टीफन्स यांच्या प्रवासात मरणाची भीती समुद्रावर होती आणि गोव्यात उतरल्यावर प्रेमाने स्वागत झाले. १८१२ मध्ये निघालेल्या अमेरिकनांचे नेमके उलट झाले. समुद्राने त्यांना फारसे छळले नाही. बंदराला लागल्यावर त्यांचे खरे हाल सुरू झाले.

परदेशी मिशनऱ्यांसाठी १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने पाच तरुणांची निवड केली आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी त्यांना दीक्षा दिली. ॲडोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल हे दोघे सपत्नीक ‘कॅराव्हॅन’ जहाजाने १९ फेब्रुवारीला सेलमहून निघाले. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व त्यांच्या पत्नी, आणि ल्यूथर राइस हे ‘हार्मनी’ने फिलाडेल्फियाहून निघाले. ‘कॅराव्हॅन’वर चालण्याफिरण्याला जागा नसल्याने प्रकृती बिघडू लागली, तेव्हा या मंडळींनी दोरीवरच्या उड्या मारून पाहिल्या आणि शेवटी व्यायाम म्हणून नाच सुरू केला. कर्मठ प्युरिटन वळणात वाढलेल्या या तरुणांनी डेकवर नाचावे, हे त्यांच्या घरच्या मंडळींना कितपत रुचले असते, याची शंका आहे.

‘कॅराव्हॅन’ १७ जून रोजी कलकत्त्याला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. अर्थात ही बातमी कलकत्त्याला यायला महिने लागले, परंतु कंपनी सरकारला युद्धाची वाट पाहण्याची गरज नव्हती. धर्मप्रचाराने प्रजा बिथरेल आणि व्यापार धोक्यात येईल या भीतीने मिशनऱ्यांना आपल्या मुलुखात राहू द्यायचे नाही, हे तिचे धोरण आधीपासूनच होते. म्हणून तर इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधील, डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरचा आश्रय घेतला होता. आल्याबरोबर जडसन आणि न्यूएल यांना परत जाण्याचा हुकूम झाला. न्यूएल दांपत्य ऑगस्टच्या आरंभी मॉरिशसकडे, म्हणजे तेव्हाच्या आइल ऑफ फ्रान्सकडे निघाले. वाटेत, भर समुद्रात, हॅरिएट न्यूएल यांना मुलगी झाली आणि ती पाच दिवसांत गेली. स्वतः हॅरिएट ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे वारल्या. त्यांचे वय एकोणीस होते.

‘हार्मनी’ ऑगस्टमध्ये कलकत्त्याला आली. जडसन आणि राइस यांनी बॅप्टिस्ट मत (बाप्तिस्मा लहान मुलांना न देता श्रद्धा प्रकट करणाऱ्यांनाच द्यावा, हे मत) स्वीकारून वेगळी वाट धरली; पुढे जडसन ब्रह्मदेशात गेले. उरले हॉल आणि नॉट. त्यांना इंग्लंडला पाठवून देण्याचा हुकूम निघालेला असताना ते मुंबईला जाणाऱ्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. फिलाडेल्फिया सोडल्याला जवळजवळ वर्ष झाले होते, आणि त्यातला सुमारे अर्धा काळच समुद्र ओलांडण्यात गेला होता.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना बायबलप्रसाराविषयी आस्था होती, पण कलकत्त्याचा हुकूम त्यांना उघडपणे मोडता येत नव्हता. इंग्लंडला पाठवण्याची वेळ जवळ आली तेव्हा हॉल आणि नॉट गुपचूप एका किनारी जहाजाने कोचीनला गेले; तेथून त्यांना पकडून परत आणण्यात आले. मग हॉल यांनी नेपियन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. आम्हांला घालवणे हे माणसाच्या अधिकाराबाहेरचे आहे, असा त्याचा रोख होता. गव्हर्नरांच्या मनावर त्याचा परिणाम झाला असेलच. पण माझ्या मते अधिक निर्णायक ठरली ती लंडनमधली घडामोड. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना घेऊन हिंदुस्थानात राहण्याची वाट मोकळी केली, आणि त्यामुळे मुंबईतल्या या दोघांना हाकलण्याचा आग्रह टिकण्यासारखा राहिला नाही. १८१४ मध्ये पत्नी आणि मूल गमावलेले न्यूएलही सिलोनमार्गे मुंबईला येऊन त्यांना मिळाले. आपल्या वाचिकेचे अहिल्यानगरातील केंद्र सुरू झाले ते पुढे, १८३१ मध्ये.

प्रश्न : हे लोक कधी परत जात असत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्टीफन्स कधीच गेले नाहीत. चाळीस वर्षे गोव्यात काढून १६१९ मध्ये ते येथेच वारले. येशूसंघात तशी अपेक्षाही नसे. अमेरिकनांपैकी नॉट १८१५ मध्ये प्रकृतीमुळे परतले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. आपण नाशिकचे असल्यामुळे हॉल यांच्याविषयी आपणांस विशेष आस्था वाटेल : १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक आणि त्र्यंबक भागातून परतताना वाटेत पटकी होऊनच त्यांचा अंत झाला. आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी मुलांच्या प्रकृतीसाठी मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या होत्या, आणि दोघांपैकी एक मुलगा जहाजावरच वारला. पतीच्या मृत्यूची बातमी त्यांना कित्येक महिन्यांनी अमेरिकेत कळली.

हे बदलले ते वाफेमुळे. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुमारे महिनाभरात सुवेझला पोहोचली, आणि तांबडा समुद्र, मग उंटावरून किंवा गाडीतून इजिप्त, मग भूमध्य समुद्र असा जवळचा मार्ग हळूहळू रुळला. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२८ च्या ऑगस्टअखेर निघून केपच्या वाटेने १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला आले होते. १८४३ मध्ये स्कॉटलंडला परत जाताना ते इजिप्त आणि पॅलेस्टाइन पाहत गेले. त्यांच्याबरोबर धनजीभाई नवरोजी हे ख्रिस्ती झालेले पारशी तरुण होते. त्यांनी एडिंबरोला शिक्षण घेतले, १८४६ मध्ये दीक्षा घेतली आणि पाळक होऊन ते मायदेशी परतले. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर इजिप्तमधली ती मधली जमिनीवरची वाटही वाचली, आणि काही वर्षे काम करून रजेवर घरी जाणे व पुन्हा येणे ही मिशनऱ्यांच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट झाली.